घरचे आरारूट



घरात कोणी आजारातून उठले, की त्याला पहिल्यांदा काय खायला देतात? भाताची पेज, मुगाचे कढण आणि पुष्कळ घरांत आरारूटची लापशी. चमचाभर पांढरे पीठ गार पाण्यात कालवावे, उकळत्या पाण्यात ओतून ढवळावे, चवीला साखर किंवा मीठ घालावे, की झाले. हे पीठ वाण्याकडे पुडीत मिळते. पण ते ज्या झाडापासून होते, ते झाड तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

मीही चाळिशी उलटेपर्यंत पाहिले नव्हते. पाहण्याची वेळ आली ती माझ्या आईमुळे. २०२१ च्या पावसाळ्यात ती तापातून उठली होती. मी मोठ्या उत्साहाने लापशी करून तिच्यापुढे ठेवली. तिने चमचाभर घेतली, बशी कलती करून पाहिली आणि म्हणाली, "अरे, हे आरारूट नव्हे."

पुडीवर तर ठळक अक्षरांत 'आरारूट' असे छापलेले होते. मी विचारले, "कशावरून?"

"आरारूटची लापशी काचेसारखी होते. बशीवरची नक्षी तिच्यातून दिसते. ही बघ कशी दुधाळ झाली आहे ती."

आईचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. तिच्या लहानपणी परसात आरारूट लावलेले असे आणि घरचे पीठ वर्षभर पुरे. मी पडलो भौतिकशास्त्राचा शिक्षक. पुराव्याशिवाय कसे मानणार? दुसऱ्या दिवशी पुडीतले चिमूटभर पीठ घेऊन मी आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, कोनेदार, खडीसारखे कण दिसले. माझ्या सहकाऱ्यांनी क्षणात निकाल दिला : "हे मक्याचे पीठ आहे." आईचे म्हणणे खरे ठरले. मक्याचे पीठ काही अपायकारक नाही. पण पैसे आरारूटचे घ्यायचे आणि माल दुसराच द्यायचा, ही फसवणूकच. तेव्हा मी ठरवले, की आईला घरी पिकवलेल्या आरारूटची लापशी द्यायची. त्या खटाटोपात जे शिकायला मिळाले, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

झाडाची ओळख

आरारूटचे शास्त्रीय नाव मरांटा अरुंडिनॅसिया. सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ मरांटा यांच्यावरून त्याच्या प्रजातीला हे नाव मिळाले. झाड मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट हे बेट एके काळी आरारूटसाठी जगभर प्रसिद्ध होते. आले, हळद, केळ, कर्दळ ही सारी आरारूटची लांबची भावंडे. सगळ्यांचा गण एकच. म्हणूनच आरारूटचे झाड पाहिल्यावर प्रथम हळदीची किंवा कर्दळीची आठवण होते. ते कमरेएवढे, कधी त्याहूनही उंच वाढते. पाने लांबट, टोकदार. फुले लहान व पांढरी.

पीठ मिळते ते जमिनीखालच्या गड्ड्यापासून. हा गड्डा म्हणजे मूळ नव्हे, ते आल्याप्रमाणेच जमिनीखाली वाढणारे खोड आहे. त्याला मूलक्षोड म्हणतात. त्यावर पेरे असतात, पेऱ्यांवर डोळे असतात आणि प्रत्येक पेऱ्याभोवती पातळ खवल्यांचे वेष्टन असते. ताज्या गड्ड्यात वजनाने साधारण पाचवा हिस्सा पिष्ट, म्हणजे स्टार्च, असते. बाकी बहुतेक पाणीच.

एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे 'तवकीर' या नावानेही असेच पीठ मिळते. ते पुष्कळदा हळदीच्या प्रजातीतील कुर्कुमा अँगुस्टिफोलिया या वनस्पतीच्या गड्ड्यांचे असते. मध्य भारतात तिला तिखूर म्हणतात. दोन्ही पिठांचा उपयोग सारखाच. झाडे मात्र वेगळी.

पहिल्या वर्षीची फजिती

जून २०२२ मध्ये मामेभावाने कोकणातून गड्डे पाठवले. आमचे बिऱ्हाड साताऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. अंगण नाही. मी तेलाचे रिकामे चौकोनी डबे धुऊन घेतले, माती भरली आणि तुकडे लावले. डब्यांना भोके पाडली नाहीत. गॅलरीतून पाणी ठिबकले तर खालच्या मजल्यावरून तक्रार येईल, ही भीती! त्याऐवजी तळाशी चार बोटे खडे घातले. जादा पाणी खड्यांत उतरेल, अशी माझी कल्पना.

जुलैत हिरवे कोंब वर आले. ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडली. मला वाटले पाणी कमी पडते आहे, म्हणून मी आणखी पाणी घातले. सप्टेंबरमध्ये झाड हलवून पाहिले तो ते हातात आले. खाली गड्ड्याच्या जागी दुर्गंधी येणारा काळा चिखल होता.

चूक कोठे झाली? मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि तिच्यातील ऑक्सिजन विसरणाने मुळांपर्यंत पोचतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हा मार्ग जवळजवळ बंद होतो. कारण ऑक्सिजनचे विसरण हवेत जितक्या वेगाने होते, त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने ते पाण्यात होते. माझी झाडे तहानेने पिवळी पडली नव्हती, ती गुदमरत होती. आणि मी त्यांना वरून आणखी पाणी पाजत होतो.

आणि ते खडे? त्यांचाही उपयोग झाला नाही. का, ते एका सोप्या प्रयोगाने कळेल.

करून पाहा : स्पंजाचा प्रयोग

भांडी घासण्याचा नवा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा. तो न दाबता आडवा, सपाट धरा. पाणी ठिबकेल आणि काही वेळाने थांबेल. आता स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल! पाणी तेवढेच, स्पंज तोच. मग पाणी आले कोठून?

स्पंजातील बारीक छिद्रे केशनलिकांसारखी असतात. केशाकर्षणामुळे तळाच्या काही उंचीपर्यंतचे पाणी गुरुत्वाकर्षणाला न जुमानता धरून ठेवले जाते. स्पंज आडवा असताना त्याची सगळी जाडी या ओल्या थरातच मोडते. उभा केला की ओल्या थराची उंची जवळपास तीच राहते, पण रुंदी कमी झाल्याने त्यात मावणारे पाणी कमी होते आणि उरलेले गळून जाते.

कुंडीतल्या मातीचेही असेच आहे. भोक असले तरी तळाशी चिंब मातीचा एक थर राहतोच. खाली खडे घातले म्हणजे हा थर नाहीसा होत नाही, तो खड्यांच्या वर सरकतो. कारण मातीतील बारीक पोकळ्या पाणी सोडून खड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांना सहजासहजी देत नाहीत. खडे घालून मी मातीची उंची कमी केली आणि चिंब थर मुळांच्या आणखी जवळ आणला. म्हणून कुंडी उथळ नको, खोल हवी. तळाला भोके हवीत. त्यांवर माती वाहून जाऊ नये म्हणून खापराचा एकेक तुकडा ठेवला की पुरे.

लावणी आणि निगा

जून २०२३ मध्ये मी पुन्हा तीन डबे मांडले. प्रत्येकाच्या तळाला बोट जाईल एवढी पाच भोके पाडली आणि खाली पाणी धरायला जुन्या पराती ठेवल्या. खालच्या मजल्यावरून तक्रार आली नाही. परातीत साठलेले पाणी मात्र रोज ओतून टाकावे; नाहीतर चिखल टळेल आणि डास होतील.

तुम्हांला लावायचे असेल तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

माती : दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाडी वाळू. काळी चिकण माती एकटी वापरू नये. तिच्यात पाणी साचते आणि गड्डे नीट फुगत नाहीत.

बेणे : गड्ड्याचे टोकाकडचे चार ते सात सेंटिमीटर लांबीचे, दोन ते चार डोळे असलेले तुकडे घ्यावेत. कोकणात कोणी नातेवाईक असतील तर परसातून मिळतील, नाहीतर रोपवाटिकेत चौकशी करावी. पाऊस सुरू होईपर्यंत तुकडे सावलीत, किंचित ओलसर वाळूत ठेवावेत. झाडाची खात्री झाल्याशिवाय अनोळखी कंद लावून खाण्याचे धाडस मात्र करू नये.

लावणी : पहिल्या पावसानंतर, पाच ते सात सेंटिमीटर खोल. एका डब्यात एक, फार तर दोन तुकडे. जमिनीत लावल्यास दोन झाडांत एक फूट अंतर ठेवावे.

ऊन : सकाळचे ऊन आणि दुपारची विरळ सावली या झाडाला मानवते. म्हणूनच कोकणात ते नारळी-पोफळीच्या बागेतही सुखाने वाढते.

पाणी : बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती ओली लागली तर पाणी घालू नये. पावसाळ्यानंतर माती कधीच कडक वाळू देऊ नये.

इतर निगा : दीड-दोन महिन्यांनी मूठभर शेणखत घालून बुंध्याशी मातीची भर द्यावी. गुंडाळलेले पान दिसले तर उलगडून आतली अळी काढून टाकावी. फुलांचे तुरे आले की खुडावेत, म्हणजे झाडाचे अन्न गड्ड्यांकडे वळते.

झाड वाढत असताना एक निरीक्षण अवश्य करा. पान आणि देठ यांच्या सांध्यावर गाठीसारखा फुगीर भाग असतो. आरारूटच्या कुळाची ही खूणच आहे. या कुळातल्या शोभेच्या मरांटाची पाने रात्री हात जोडावेत तशी उभी राहतात, कारण त्या गाठीच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरते आणि दुसऱ्या बाजूच्या पेशींतून कमी होते. तुमच्या आरारूटचे एक पान निवडा. सकाळी आठला, दुपारी दोनला आणि रात्री नऊला ते देठाशी किती अंशाचा कोन करते, हे कोनमापकाने मोजून आठवडाभर वहीत लिहा. आलेख काढा. उत्तर मी सांगत नाही.

काढणी

लावणीपासून दहा-अकरा महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळू लागतात. ही पिवळी पाने दुखण्याची नव्हेत. पानांनी वर्षभर तयार केलेले अन्न आता गड्ड्यांत जाऊन बसलेले असते. एप्रिल २०२४ मध्ये मी डबे वर्तमानपत्रावर उपडे केले. मातीतून पांढरे, खवलेदार, बोटापेक्षा जाड गड्डे निघाले. तिन्ही डब्यांचे मिळून वजन भरले एक किलो शंभर ग्रॅम. पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी दोनशे ग्रॅम बाजूला ठेवून नऊशे ग्रॅम पिठासाठी घेतले.

गड्डे धुऊन त्यांवरचे सगळे खवले सोलून काढावेत; ते राहिले तर पिठाला रंग येतो आणि चव बिघडते. मग गड्डे किसून, भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये बारीक वाटावेत. मलमलीच्या फडक्यातून गाळावे. चोथा पुन्हा पाण्यात कालवून आणखी दोनदा गाळावा. मिळालेले दुधासारखे पाणी उंच काचेच्या भांड्यात स्थिर ठेवावे. आणि आता भांड्यासमोर घड्याळ घेऊन बसावे!

पीठ खाली का बसते?

पिष्ट थंड पाण्यात विरघळत नाही. साखरेचे रेणू पाण्यात सुटे होतात. पिष्टाचे लांबलचक रेणू मात्र कणांमध्ये घट्ट रचलेले असतात. या कणांची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असल्याने ते खाली जाऊ लागतात. पाण्याची विष्यंदिता त्यांना विरोध करते. थोड्याच वेळात वजन, प्लावक बल आणि हा विरोध यांचा समतोल साधतो आणि कण एकाच वेगाने उतरू लागतो. हा अंतिम वेग काढण्याचे सूत्र जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दिले. सूत्र तुम्ही पुढे शिकालच. आज त्यातले एवढेच लक्षात ठेवा : वेग कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

आरारूटचा मध्यम कण सुमारे ३० मायक्रोमीटर व्यासाचा असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सूत्रात किमती घातल्या की वेग येतो सेकंदाला सुमारे पाव मिलिमीटर. म्हणजे १० सेंटिमीटर खोल पाण्यात तळ गाठायला अंदाजे सात मिनिटे. तांदळाच्या पिष्टाचा कण ५ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे व्यासाने सहावा हिस्सा. त्याचा वेग छत्तिसावा हिस्सा! तेच १० सेंटिमीटर उतरायला त्याला चार तासांहून अधिक वेळ लागेल. आरारूट घरच्या घरी, कोणत्याही यंत्राशिवाय पाण्यातून वेगळे करता येते, याचे कारण त्याच्या टपोऱ्या कणांत आहे.

प्रत्यक्षात सगळे कण सारखे नसतात. लहान कणांना वेळ लागतो, म्हणून भांडे दोन-तीन तास ठेवावे. रात्रभर मात्र ठेवू नये, उन्हाळ्यात ते आंबते. वरचे पाणी हलक्या हाताने ओतून टाकावे. पिठाच्या थरावर तपकिरी साय दिसते, ती तंतूंची. ती खरवडून काढावी. पुन्हा स्वच्छ पाणी घालून ढवळावे आणि पुन्हा निवळू द्यावे. दोन-तीन वेळा असे केले की खाली पांढरा शुभ्र थर उरतो. तो ताटात पसरून, वर पातळ फडके टाकून उन्हात कडकडीत वाळवावा.

मला पीठ मिळाले १०५ ग्रॅम. नऊशे ग्रॅमचा पाचवा हिस्सा म्हणजे १८० ग्रॅम. मग बाकीचे गेले कोठे? चोथ्यावर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला. चोथा गर्द निळा झाला. न फुटलेल्या पेशींत पिष्ट अजून अडकलेले होते. माझे वाटण कमी पडले, हे आयोडीनने तोंडावर सांगितले.

आणखी एक हिशेब मांडून पाहा. तिन्ही डब्यांतल्या पानांचा पसारा साधारण अर्धा चौरस मीटर होता. दर चौरस मीटरवर दिवसाला ढोबळमानाने ४,००० किलोकॅलरी ऊन पडते असे धरले, तर २७० दिवसांत पानांवर ५,४०,००० किलोकॅलरी ऊर्जा पडली. माझ्या १०५ ग्रॅम पिठात, ग्रॅमला साडेतीन धरून, जेमतेम ३७० किलोकॅलरी. म्हणजे उन्हातला हजारातला एक भागसुद्धा वाटीत आला नाही. अन्न टाकू नये असे मोठी माणसे सांगतात, त्यामागचे हे गणित आहे.

खरे-खोटे कसे ओळखावे?

आयोडीन येथे उपयोगाचे नाही. मका, तांदूळ, बटाटा, आरारूट. पिष्ट कोणतेही असो, ते निळेच होते. लापशीची परीक्षा त्याहून चांगली. गार पाण्यात कालवलेले पीठ सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले, की कण पाणी शोषून फुगतात आणि लापशी दाटते. मक्याच्या लापशीत कणांचे अवशेष आणि रेणूंचे पुंजके राहतात. त्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून ती दुधाळ दिसते. आरारूटची लापशी पारदर्शक होते. मात्र ज्यापासून साबुदाणा करतात त्या टॅपिओकाचे पिष्टही स्वच्छ शिजते, त्यामुळे एवढ्यावर अखेरचा निकाल देता येत नाही.

अखेरची साक्ष शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात चिमटीचाही अंश पीठ घ्या आणि शेजारी डोक्याचा एक केस ठेवा. केसाची जाडी ५० ते १०० मायक्रोमीटर असते. ती तुमची मोजपट्टी. आरारूटचे कण मोठे, गुळगुळीत, अंडाकृती. मक्याचे लहान, कोनेदार. टॅपिओकाचे गोल पण एक बाजू छाटल्यासारखे, नगाऱ्याच्या आकाराचे. बिघडलेल्या गणकयंत्राच्या पडद्यावरची ध्रुवणकारी पट्टी मिळाली तर तिचे दोन तुकडे करा. एक काचपट्टीखाली आणि एक नेत्रिकेवर ठेवून फिरवा. सगळीकडे अंधार होईल त्या स्थितीत पिष्टाचे कण चमकतात आणि प्रत्येकावर काळी फुली दिसते. मग शिजवलेल्या लापशीचा थेंब तसाच पाहा. फुल्या गेलेल्या असतील. कणातली रचना उष्णतेने मोडली, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा.

शेवटी एक सूचना. आरारूट पचायला हलके असते, पण ते औषध नव्हे. त्यात जवळजवळ निव्वळ पिष्टच असते, प्रथिने नाहीत म्हटली तरी चालतील. तेव्हा लहान मुलाला किंवा आजाऱ्याला केवळ त्यावर ठेवू नये. जुलाब होत असतील तर जलसंजीवनी द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

पीठ वाळले त्या संध्याकाळी मी दोन चमचे घेऊन पाण्यात लापशी केली आणि मुद्दाम नक्षीच्या बशीत ओतली. आईने या वेळी चमचा उचलला नाही. आधी बशी उजेडाकडे कलती केली. तळाची निळी वेल स्वच्छ दिसत होती. मग तिने सावकाश सगळी लापशी संपवली आणि विचारले, "बेणे ठेवले आहेस ना?"

बाजूला ठेवलेल्या दोनशे ग्रॅमांतले थोडे तुकडे मी जूनमध्ये वर्गातल्या मुलांना वाटले. तुम्हांलाही कोठून तरी मिळतील. डब्याला भोके पाडायला मात्र विसरू नका.